तीन डबे, एक गाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कपडे उत्पादक संघाचेही अध्यक्ष, सन्माननीय महोदय; व्यासपीठावर अवघडून बसलेल्या, आणि आपल्याच निरोपाच्या दिवशीही सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या पुसून गेलेल्या आपल्या ताई; पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान; कटिंग, शिलाई, काजा-बटण, इस्त्री आणि पॅकिंग या विभागांतले माझे सहकारी; दुसऱ्या रांगेतून ‘फार लांबवू नका’ अशा नजरेने माझ्याकडे बघणारी माझी पत्नी; आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसलेले आमचे कटिंग मास्तर. आपणा सर्वांना नमस्कार.

अशा वेळी ‘मला भाषण करता येत नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मला येतं. तीन मशिनांवरून एकशेचाळीस मशिनांवर माणूस तोंड मिटून येत नाही. पण आज बोलणं जड जातंय, आणि ते का, हे थोड्या वेळात आपल्या लक्षात येईल.

अध्यक्ष महोदय, आपल्या समोरच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या नाहीत, जग आहे आणि धुतलेले पेले आहेत. ही ताईंची व्यवस्था. काल मी म्हटलं, “ताई, पाहुणे येणार आहेत, उद्या एक दिवस बाटल्या ठेवू या.” तर म्हणाल्या, “साहेब, पाहुण्यांना काय पेल्यातून गिळता येत नाही?”

एकोणीस वर्षांपूर्वी या बाई साफसफाई आणि चहा या कामांवर आल्या. पहिल्या दिवशी झाडू हातात घेण्याआधी त्यांनी मला काय विचारलं असेल? पगार? सुट्ट्या? छे. म्हणाल्या, “भर दिवसा दिवे का लावलेत?”

मी म्हटलं, “अंधार असतो आत.”

“अंधार नाही. काचा मळल्यात.”

तीन दिवस लागले काचा धुवायला. मग त्यांनी बटणवाल्या मुलींची टेबलं खिडकीशी सरकवायला लावली. तेव्हापासून सकाळी दहा ते चार आमच्या हॉलमधले निम्मे दिवे बंद असतात, आणि सुईत दोरा ओवताना कोणी कुरकुर केलेली मी ऐकलेली नाही. आणि मी ऐकलेली नाही म्हणजे झालीच नाही! माझं शिक्षण बेताचं, पण कान तिखट आहेत. केबिनमध्ये बसून सतराव्या मशिनची सुई बोथट झाली की मला कळतं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर माझ्याबद्दल बोलायचं झालं की तुम्ही पंखा मोठा करता.

चहाचे कागदी पेले त्यांनीच बंद केले. प्रत्येकाचा आपला मग, आपल्या खुंटीला. ज्याने विसळला नाही त्याला दुसऱ्या दिवशी चहा नाही. हा नियम मलाही लागू होता, आणि दोन वेळा लागूही झाला. एसीचं गळणारं पाणी बादलीत धरून त्यानेच फरशी पुसायची, एका बाजूला छापलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर कटिंगच्या चिठ्ठ्या लिहायच्या, मोडक्या स्टुलाला फेकण्याआधी एकदा सुताराला दाखवायचं, एका गल्लीत राहणाऱ्यांनी एकाच स्कूटरवर यायचं. यात काही मोठं शास्त्र नाही. लहान मुलाला कळेल एवढंच आहे. पण ते रोज कोण करणार, हा प्रश्न असतो.

इस्त्रीवाल्यांशी झालेलं त्यांचं भांडण तर मी दार किलकिलं करून ऐकलंय. इस्त्रीवाले म्हणाले, “आता इस्त्री कशी करायची तेही तुम्ही शिकवा.” ताई म्हणाल्या, “करायची कशी ते तुम्हाला येतं. बंद कधी करायची ते येत नाही.” जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं इस्त्री बंद करायची, शेवटची सात-आठ शर्टं साठलेल्या उष्णतेवर निघतात. इस्त्रीवाल्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप बटण बंद केलं. ते बटणही मला ऐकू आलं.

एकदा माझी पत्नी कारखान्यात आली आणि ताईंबरोबर अर्धा तास चहा पीत बसली. त्या अर्ध्या तासाने माझं घर बदललं. नळ सोडून दाढी करायची नाही, मगात पाणी घ्यायचं. भाजीला जाताना कापडी पिशवी. स्वयंपाकघरात ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा, सुक्याचा वेगळा. काही बोलायला जावं तर एकच उत्तर, “ताईंनी सांगितलंय.” मालक मी, हुकूम त्यांचा, तोही माझ्याच घरात!

हसलात, बरं वाटलं. कारण आता मला जे सांगायचं आहे त्यावर कोणी हसणार नाही.

आठ वर्षांपूर्वी ताईंनी मागच्या दाराशी तीन डबे ठेवले. जेवणातलं उरलंसुरलं, भाजीचे देठ, चहाचा चोथा एका डब्यात. कागद, प्लास्टिक, दोऱ्याच्या रिकाम्या रिळी दुसऱ्यात. कापडाची कात्रणं तिसऱ्यात. ओल्या कचऱ्यासाठी त्यांनी मागच्या अंगणात खड्डा करून खत केलं होतं. मी तो खड्डा बुजवून वर सिमेंट घातलं. का? मला गाडी सावलीत उभी करायची होती. ताईंना वाईट वाटलं. मी म्हटलं, “काळजी करू नका, रोपवाटिकावाला ओलं घेऊन जाईल, गादीवाला कात्रणं नेईल.” आणि पहिली दोन वर्षं ते खरंच येत होते.

पण ते यायचे पहाटे, आपापल्या वेळेला. मागचं दार उघडायला, ज्याचं त्याला द्यायला कोणीतरी उभं राहावं लागे. एकदा मोठ्या ऑर्डरची गडबड होती, पहारेकरी गावाला गेलेला. मी कचरागाडीवाल्याला सांगितलं, “महिनाभर तीनही डबे तूच ने. एकत्रच घाल.” तो म्हणाला, “साहेब, तुमच्याकडे वेगळं करतात ना?” मी म्हटलं, “घाल रे, कोण बघतंय?”

तो महिना सहा वर्षं चालला.

हो ताई. तुम्ही सहा वर्षं वेगळं केलंत आणि मी सहा वर्षं एकत्र पाठवलं. रोज सकाळी, तुम्ही यायच्या आधी, केबिनमध्ये बसून मी ते ऐकत होतो. तीन झाकणं उघडल्याचे तीन आवाज, आणि ओतल्याचा आवाज एकाच ठिकाणी. पैशाचा प्रश्न नव्हता. अडचण म्हणावी तर तीही नव्हती. आळस होता. रोपवाटिकावाल्याला परत बोलवायला एक फोन पुरला असता. तो मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो आणि मग करायची लाज वाटायला लागली.

ताई नव्या मुलींना सांगायच्या, “देठ नीट टाका गं, त्याची तिकडे फुलं होतात.” मी जिन्यात उभा राहून हे ऐकलंय. आणि खाली न उतरता परत वर गेलोय.

याहून वाईट सांगतो. रोपवाटिका बघायला न्या, असं ताई वरचेवर म्हणायच्या. मी टोलवायचो. शेवटी एकदा बाजारातून फुलझाडाच्या दोन कुंड्या विकत आणल्या आणि त्यांच्या हातात देऊन म्हटलं, “घ्या, आपल्याच खतावर वाढलीत.” ताईंनी त्या घरी नेल्या. त्यांचे यजमान रोज पाणी घालतात असं मला मागाशी चहाच्या वेळी कौतुकाने सांगत होते. माझा चहा तिथेच राहिला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे ताईंना एकटीला गाठून सांगितलं असतं. पण यात आणखी एक माणूस भरडला गेलाय, आणि तो शेवटच्या रांगेत बसलाय.

आमचे मास्तर माझ्याबरोबर तीन मशिनांच्या काळापासून आहेत. ताई आणि मास्तर सोळा वर्षं एका टेबलावर जेवले. ताई त्यांना दादा म्हणायच्या. मास्तरांची बायको गेली त्या वर्षी त्यांच्यासाठी जेवणाचा दुसरा डबा कोणी आणला, हे सगळ्यांना माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्या संघाकडून आम्हाला ‘हरित कारखाना’ म्हणून सन्मानपाटी मिळाली. अध्यक्ष महोदय, ती आपल्याच हस्ते मिळाली होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तर म्हणाले, “ताई, कशाला एवढा जीव काढता? मी परवा लवकर आलो होतो. मागच्या दाराने सगळं एकाच गाडीत जातं. या डोळ्यांनी बघितलंय.”

ताई उसळल्या. “दादा, वेगळं करायचा कंटाळा आला असेल तर तसं म्हणा. साहेबांना कशाला खोटं पाडता?”

“चला, त्यांनाच विचारू.”

दोघं माझ्या केबिनमध्ये आले. मागोमाग निम्मा हॉल. भिंतीवर ती पाटी, नुकती ठोकलेली. मास्तरांनी विचारलं, “साहेब, गाडी एक येते की तीन?”

मला एक शब्द बोलायचा होता. त्याऐवजी मी एक वाक्य बोललो. “मास्तरांनी दुसऱ्याच कुणाची गाडी बघितली असेल.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. ते वाद घालू शकले असते, चार माणसं साक्षीला उभी करू शकले असते. ते एवढंच म्हणाले, “असेल साहेब. चष्मा जुना झालाय माझा.” आणि गेले.

त्या दिवसापासून ताईंनी त्यांना दादा म्हटलेलं नाही. मास्तर म्हणतात, तेही कामापुरतं. ते कटिंगच्या टेबलावर एकटे जेवतात. पाठीमागे पोरं त्यांना ‘चष्मा’ म्हणतात, आणि ते मी ऐकतो. आणि ज्याने हे सगळं केलं तो मी, गेली तीन वर्षं, शाळा-कॉलेजांत बोलावलं की पर्यावरणावर भाषण देऊन येतो. लोक टाळ्या वाजवतात. छान बोलतो हो मी.

मग आजच का सांगतोय? गेल्या सोमवारी ताई केबिनमध्ये आल्या. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या बाई बरोबर होत्या. ताई म्हणाल्या, “साहेब, दिवे, इस्त्री, मग, सगळं हिला दाखवलंय. एकच राहिलं. मला नाही जमलं, पण हिला तरी ती रोपवाटिका एकदा दाखवून आणा. कुठे जातं ते बघितलं की माणूस आपोआप नीट करतं.”

मी “बघू” म्हटलं. त्या रात्रीपासून झोप नाही. पत्नीने विचारलं तेव्हा तिला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरातले दोन डबे बघून आली. मग म्हणाली, “म्हणजे मी घरी वेगळं करते तेही तुम्ही...?” घरचं तसं नाही हो! पण तिने विचारलं ना. आता माझ्या कुठल्याही शब्दाला कोणी असं विचारू शकतं, आणि ते रास्तच आहे.

म्हणून सरळ सांगतो, हॉल भरलेला असताना, कारण खोटंही निम्म्या हॉलसमोरच बोललो होतो. मास्तरांनी बरोबर बघितलं होतं. गाडी एकच होती. माझ्या सांगण्यावरून होती. मास्तर खोटं बोलले नाहीत, मी बोललो. ताई, तुमचा दोष एवढाच की तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात.

अध्यक्ष महोदय, ती सन्मानपाटी मी भिंतीवरून काढली आहे. ती टेबलाखाली आहे, जाताना घेऊन जावी अशी विनंती. रोपवाटिकावाल्याला मंगळवारी फोन केला. त्याने आधी मला ओळखलंच नाही, मग पोटभर सुनावलं. आजपासून तो येतोय. सिमेंट मी काल फोडायला घेतलं. याने सहा वर्षं भरून येत नाहीत, हे मला कळतं. सहा वर्षांचं जे गावाबाहेरच्या ढिगात गेलं ते गेलं.

कार्यक्रमपत्रिकेत पुढचं कलम आहे, ‘मालकांच्या हस्ते ताईंचा सत्कार’. माझा हात ते करण्याच्या लायकीचा नाही. अध्यक्षांनी परवानगी दिली, तर हा मान मास्तरांना द्यावा असं माझ्या मनात होतं. पण मास्तर, तुम्ही मान हलवताय. नको म्हणताय. तेही खरंच. तुमच्यासमोर एक गुच्छ धरून मी तीन वर्षं पुसून टाकायला निघालोय, असं वाटलं असेल तुम्हाला. कदाचित होतंही तसंच. राहू दे.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांनी वेळ दिला... ताई, बसा, संपतच आलंय. नाही? बरं. त्यांना वाट द्या जरा. पायरी सांभाळा, ताई.

अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांचे आभार. ताईंच्या यजमानांनी आपलं माणूस एकोणीस वर्षं आम्हाला दिलं, त्यांचे आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानतो. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, कोणी हॉल सोडून गेलं नाही, हे उपकार समजतो. मधल्या रांगेतल्यांनी मागे वळून बघू नये, कृपा करून. शेजारची खुर्ची मास्तरांनीच ओढून दिलेली दिसतेय. त्यांना बसू द्या.

मी काय बोललो त्यात कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पदरात घ्यावं. मी काय केलं, त्याची माफी मात्र सभागृहाकडे मागण्यासारखी नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, ते दोघं आत्ता एकमेकांशी बोलताहेत. त्यांचं सावकाश होऊ द्या. मग मी मागे जाऊन विचारीन, आणि त्यांनी नाही म्हटलं तर तेही ऐकून घेईन. तोवर मी इथेच उभा आहे.

नमस्कार.