हसूरामदादांचं मीठ आणि न झालेला करार

वडीलधारी मंडळी, दादांच्या घरचे सगळे, आणि या बिल्डिंगमधले भाडेकरू,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण शब्द फुटायच्या आधी एक तक्रार नोंदवतो. गंभीर तक्रार आहे. माझ्यामागच्या बॅनरवर दादांना निळा कोट घातलाय. हसूरामदादांना मी वीस वर्षं ओळखत होतो. त्यांनी जन्मात कोट घातला नाही. स्वतःच्या मुलाच्या लग्नातही नाही. हा कोट फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधला आहे. मी पडलो वार्ताहर, शोकसभांना जाणं माझ्या कामातच येतं. याच वर्षी हाच कोट मी पनवेलमध्ये आणखी तीन दिवंगतांच्या अंगावर पाहिलाय. अहो, निदान माप तरी बदला! मिठागरात पाट्या वाहून घडलेले खांदे होते ते. त्या कोटात मावले असते का?

हसलात. बरं झालं. गेला अर्धा तास या पार्किंगमध्ये कोणी मोकळा श्वास घेतलेला नाही. डावीकडे घरचे बसलेत, उजवीकडे लिफ्टपाशी भाडेकरू. मधली रांग रिकामी. ती का रिकामी आहे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. ही बिल्डिंग दादांची. तिसऱ्या मजल्यावर सुनंदाताई राहतात, हॉस्पिटलात नर्स आहेत. त्यांची प्राची बारावीला आहे, फेब्रुवारीत परीक्षा. त्यांना या महिनाअखेर घर सोडायला सांगितलंय. दादांच्या मुलाला, निलेशला, तो अख्खा मजला विमानतळाच्या कामावर आलेल्या एका कंपनीला द्यायचाय.

मघाशी निलेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आजच्या दिवशी तेवढा विषय नको." मी म्हटलं, बरं. निलेश, मी बरं म्हटलं होतं. पण तुझ्या वडिलांबद्दल बोलायचं आणि भाड्याच्या घरांबद्दल बोलायचं नाही, हे मला कसं जमावं?

मंडळी, जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या, आणि काल भात लावणारी माणसं आज घरमालक झाली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी घर भाड्याने कसं द्यायचं, हे दादांकडून शिकून घेतलं. मीही. कळंबोलीला कर्ज काढून वन आरके घेतला, तेव्हा पहिला भाडेकरू मीच शोधला. फार गोड मुलगा. शुद्ध मराठी बोलायचा. मी दादांना अभिमानाने सांगितलं. दादा म्हणाले, "शास्त्री, त्याचा बोलना नको बगू. त्याचा कागद बग."

मला ते शास्त्री म्हणायचे. मी पाठशाळेत चार वर्षं संस्कृत शिकलो, याचं त्यांना कौतुक आणि कीव यांच्या मधोमध काहीतरी वाटायचं. एकदा मी त्यांना ऐकवलं, "दादा, ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी." दादा म्हणाले, "मंग भाडेकरू तुजा अतिथी नाय. त्याची तिथी करारात लिवलेली पायजे. येवाची बी आन जावाची बी."

त्यांचं पहिलं सांगणं, घर घेण्याआधी पाणी बघा. टाइल्स नाही, पाणी. सकाळी पाणी यायच्या वेळेला सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि नळ सोडा. मग सोसायटीचा बोर्ड वाचा. "बिल्डिंगचा सभाव तितं लिवलेला असतो," म्हणायचे. दुसरं, भाड्यावर कर्जाचा हप्ता चालेल असं धरू नका. वर्षातला एक महिना घर रिकामंच राहणार, असं समजून चला. तिसरं, करार रजिस्टर करा, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद द्या. सख्खा मेहुणा असला तरी द्या. मेहुणा असला तर आधी द्या. चावी देण्याच्या दिवशी भिंतींचे, नळांचे, मीटरचे फोटो काढा, दोघांनी काढा. आणि गळती म्हणाल, तर भाडेकरूचा फोन आला की त्याच दिवशी प्लंबर. "भित वल धरते, मानूस राग धरतो. दोनी सुकाला लय वेल लागतो."

आणि चावी खिशात असली, तरी बेल वाजवायची. दादा स्वतःच्या मालकीच्या दारात चपला काढून उभे राहायचे. आतून "या" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "दादा, घर तुमचंच ना?" म्हणाले, "भित माजी. घर त्यांचा."

आता मिठाची गोष्ट. भाडेकरूंना माहीत आहे, बाकीच्यांना नसेल. दादा चावी नुसती कधीच द्यायचे नाहीत. भाडेकरूच्या हातावर आधी मूठभर खडे मीठ ठेवायचे, त्यावर चावी. घरात पहिल्यांदा मीठ न्यायचं. मिठागर गेलं, पण ती मूठ राहिली. आणि मीठ ठेवताना जो शब्द बोलायचे, तो रजिस्टरच्या शिक्क्यापेक्षा पक्का. त्यांच्या बापाने मिठागरात असाच शब्द देऊन माणसं कामावर ठेवली होती, दादांनीही तो रिवाज तसाच पाळला. आपल्याला कागद शिकवणारा हा माणूस स्वतः मात्र मिठावर चालायचा. दादांची एकच चूक काढायची म्हटली, तर ती ही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी याच बिल्डिंगमध्ये होतो. सुनंदाताईंच्या घरी. त्यांच्या कराराची मुदत संपत आली होती. दादा दारात चपला काढून उभे. प्राची अभ्यासाला बसली होती, उठून आली. दादांनी खिशातून पुडी काढली आणि तिच्या हातावर मीठ ठेवलं. म्हणाले, "पोरी, तुजी बारावी होवपरत तुमाला हितून कोन उठवनार नाय. मी सांगतंय." सुनंदाताई चहा टाकायला वळल्या. त्या म्हणाल्या, "दादा, चहा तरी घ्या." दादा म्हणाले, "साकर नको. डाक्टर वरडतो." त्या म्हणाल्या, "मीही ओरडेन, मी नर्स आहे."

निलेश, बस. दोन मिनिटं बस. मी तुला खोटं पाडत नाहीये.

उलट, तुझं बरोबर आहे. करार गेल्या महिन्यात संपला. नवा झालेला नाही. कंपनीला तू शब्द दिलायस, तुझंही काही अडलं असेल. उद्या कोणी विचारलं, तर कागदावर सुनंदाताईंचा या घरावर काही हक्क नाही. आणि कागदाशिवाय कोणाचं ऐकू नये, हे तुला कोणी शिकवलं? ज्यांच्यासाठी आपण जमलोय, त्यांनीच.

पण त्या दिवशी जिना उतरताना मी म्हटलं होतं, "दादा, कागद?" थांबले. हसले. म्हणाले, "तू हायस ना शास्त्री. तू कर. मशीनवाल्याला घेवन ये, मी अंगठा देतंय."

एवढंच काम होतं. ऑनलाइन फॉर्म भरायचा, अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या एजंटला फोन करायचा. अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, दसरा होऊ दे. दसरा झाला. मग महापालिकेच्या बातम्या होत्या. मग दिवाळी अंकाचं एक टिपण होतं. दादांनी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाले, "शास्त्री, तुजी तिथी कदी?" मी म्हटलं, "दादा, सोमवारी नक्की." त्या सोमवारी पहाटे दादा गेले. आता मशीन आहे, एजंट आहे, फॉर्म आहे. अंगठा नाही.

सुनंदाताई, दादा गेल्यापासूनच्या या बारा दिवसांत तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. विचारलं असतंत, तर मला सोपं गेलं असतं.

निलेश, मी साक्षीदार आहे. फक्त मी, ती माय-लेक, आणि ते मीठ. तुला कायद्याने काही बांधत नाही. मी तुझ्याकडे हात जोडून चार महिने मागतोय. परीक्षा होईपर्यंत. नवा करार कर, मी उद्या सकाळी मशीनवाल्याला घेऊन येतो. उद्या. सोमवारी नाही.

आता आपण सगळे उभं राहूया. दोन मिनिटं स्तब्ध राहून दादांना निरोप देऊया.

आणि उभं राहण्याआधी खरं सांगतो. भाषणं मी खूप केलीत, शांततेला कधी घाबरलो नाही. आज घाबरतोय. ही दोन मिनिटं संपली की तुम्ही घरी जाल, निलेश काहीच न बोलता वर जाईल, सुनंदाताई सामान बांधायला घेतील. आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर ती पोर पनवेलभर घर शोधत फिरेल, ते माझ्या आळसापायी. मला याची भीती वाटते.