प्रिंटरचं नाव मसाला

“काहून बदललं माह्या प्रिंटरचं नाव?” मी विचारलं, तर राज्याच्या नव्या राजधानीत कॉम्प्युटरची नोकरी करणारा, सुट्टीला घरी आलेला माझा लेक हसून म्हणाला, “अरे आई, मसाला भी कोई नाम है? प्रिंटर वन, प्रिंटर टू. असंच असते सगळीकडे.”

आता तुम्हीच सांगा. माझ्या मसाल्याच्या धंद्यात दोन प्रिंटर, दोन्ही हुबेहूब सारखे. एकावर पाकिटांची लेबलं निघतात, दुसऱ्यावर बिलं. लाइट जाऊन आली की कॉम्प्युटरमधलं लिनक्स ज्याला आधी ओळखेल त्याला पहिला नंबर देई, आणि माझी बिलं लेबलांवर छापली जात. वैतागून मी स्वतः वाचून वाचून शिकले, आणि सिरीयल नंबर बघून दोघांना कायमची नावं लावली: मसाला आणि बिल. लेबलाचा प्रोग्राम मसाल्यालाच शोधतो. या पोट्ट्यानं न विचारता ते नावच पुसलं. सदर बाजारचा दुकानदार बिनलेबलाचं पाकीट घेत नाही, सगळा माल घरात पडलेला.

मला दुरुस्त करता आलं असतं. पण ज्यानं पुसलं त्यानंच परत लिहावं.

“करतो ना,” तो म्हणाला, “पण एवढी काहून चिडून राहिली? नाम ही तो बदला है, मशीन तो वही है!”

मी दमून खाली बसले.

“बाबू, लग्नात तुह्या बापानं ताटातल्या तांदळावर माह्यं नवं नाव लिहिलं, मले कोणी विचारलं नाही, म्हातारी झाली, तरी त्या नावानं कोणी बोलावलं का पहिली हाक मले अजून ऐकूच येत नाही.”