दाराबाहेरून पाहिलेलं

हॅलो?… कोण, टुकू?… हो, मीच, हेनाबुबू. थांब, अंगणात येते, आत नीट ऐकू येत नाही… हं, बोल.

दाखवला की काल, कॉलेजच्या सभागृहात… अरे, पोरं खिडक्यांत बसली होती. आपल्या गावच्या पोराचा सिनेमा, परदेशात बक्षीस मिळवून आलेला, म्हटल्यावर… हो, हो, आवडला. ती आई झालेली बाई भाताचं भांडं कलंडवून पेज निथळवते ना, थेट आपली अम्मा. मी रडले… खोटं कशाला बोलू?

नाही रे, बरी आहे मी. अरे ऐक ना… इद्रिस हुजूर आले होते… तेच, आपल्या मदरशात शिकवायचे ते. दुसरे कोण? नव्वदीला टेकलेत. नातवानं धरून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं.

मग तो प्रसंग आला. हुजूर त्या हिंदू पोराला खोलीत कोंडतात, छडी मारून कलमा म्हणायला लावतात… हो, तोच. मागून कुणीतरी शिवी हासडली… हुजूर? चष्मा पुसला, परत घातला.

खोटं दाखवलंस असं कुठं म्हणतेय? सात वर्षांचा होतास, दाराच्या फटीतून पाहिलंस. पण टुकू, ते बाटवणं नव्हतं रे…

मध्येमध्ये बोलू नकोस, माझं सांगायचं राहतं. मुक्तिसंग्रामाच्या त्या साली पाकिस्तानी मिलिटरी घाटावर माणसं उभी करायची. मुसलमान असशील तर कलमा म्हण म्हणायची. ज्याला आला तो घरी. ज्याला नाही आला… हो. त्या पोराच्या, आपल्या सुबलच्या बापाचं तेच झालं ना. दुसऱ्या दिवशी सुबलची आई स्वतः त्याला घेऊन हुजुरांकडं आली. माझं एवढं लेकरू वाचवा म्हणाली. दोन दिवसांत चार कलमे पाठ करायचे, आणि पोराची जीभ वळेना… हो, मारलं. मारलंच. आणि तिसऱ्या दिवशी घाटावर धरलं त्याला. खडाखडा म्हणाला, सोडून दिलं.

मला कसं माहीत म्हणजे? थोरली म्हणून राखणीला दाराबाहेर मीच होते. तुला हुसकावून लावलं तेही मीच. तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता, कुठं बोलला असतास तर सगळेच गेलो असतो…

नंतर?… नंतर राहूनच गेलं रे. देश झाला, अब्बा गेले, तू ढाक्याला शिकायला गेलास. वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल… पन्नास वर्षं, हो. माझी चूक आहे ती, टुकू. तुझी नाही. रात्रभर हेच मनात घोळतंय.

सुबल ना? काल सिनेमा सुटल्यावर तोच हुजुरांना हाताला धरून घरी घेऊन गेला. चहाच्या टपरीवरची पोरं नको नको ते बोलत होती, हा सांगत होता, कुणी ऐकेना. सिनेमात दिसलं ना, मग झालं. आणि आज सकाळी हुजुरांकडं शिकायला एक पोर आलं नाही… एकही नाही. ओसरी झाडून, टोपी घालून एकटेच बसले होते. बघून आले मी. बघवलं नाही.

सिनेमा बदल म्हणतच नाहीये. बक्षीसही राहू दे. शुक्रवारी इथं सत्कार आहे ना तुझा? तिथं सांग. स्वतःच्या तोंडानं… माहीत आहे, पेपरवाले असतील. म्हणूनच.

हुजूर काय म्हणतात?…

विचारलं की हुजुरांना. म्हणाले, लेकरू दाराबाहेर होतं, बाहेरून तसंच दिसणार. छडी तर मी मारलीच होती… नाही रे, रागावलेत कसले. टुकू वेळेवर जेवतो का विचारत होते. फोटोत वाळलेला दिसतोस म्हणे.

रड. रड हवं तर, मी आहे इथं…

काय?… शुक्रवारी सांगशील. नक्की?… बरं. मग आज कशाला निघतोस? सत्काराला चार दिवस आहेत अजून… हं… हं… असं म्हणतोस…

बरं, आत्ताच जाऊन सांगते त्यांना. उद्या सकाळी एक जण शिकायला येतोय म्हणावं. साठीचा आहे, पण येतोय… ठेवते.