आकडा ती बघनार

आन् चेतन्या मला म्हनतो — पुतन्या माझा, हिंजवडीत कंपनीच्या लाइटीचं काम बघतो — म्हनतो काका, मीटर चांगला हाय, तुमालाच वापरता येत न्हाय. इस वरसं हडपसरला पिठाची गिरन चालवतोय मी, आन् हा मला शिकवनार. ह्यो बगा शेठ, ठिवतो तुमच्या काउंटरवर, त्यानंच दिलेला. चिमट्याचा. वायर चिमट्यात धरली, आकडा शून्य. म्हनलं मेली वायर, लावला हात — पडलो गव्हाच्या पोत्यावर. आता सांगा, खोटं कोन बोललं, मी का मीटर? — काय? वाहता करंट मोजतो ह्यो? मोटार बंद म्हंजी वाहत काय न्हाय, म्हनून शून्य, आन् वायर तरी जित्ती? मग हे चेतन्याच्या तोंडातनं निघाय काय झालं व्हतं?

टेस्टरचं नाव काडू नका. पयल्या येळंला टेस्टरच लावला व्हता. मोटारीचा पट्टा बदलायचा व्हता, त्याला दोन मानसं लागत्यात. मेन स्विचची दांडी खाली पाडली, मोटार थांबली. स्विचच्या आत एक पातं चिकटून एक वायर जित्तीच ऱ्हायली ते काल कळलं, तवा कुनाला ठावं. मी पोत्यांच्या थप्पीवर उभा, पायात रबरी चपला, तोंडावर ऊन — टेस्टर पेटला न्हाय. — हां, आता कळतंय, जमिनीला पाय न्हाय तर त्यो पेटंल कसा. तवा म्हनलं, चंद्रभागा, ही उघडी वायर आडवी येतीया, धर गं बाजूला, काय न्हाय तिच्यात.

तिनं धरली.

तसं काय न्हाय, हाय ती, घरी हाय. बायको माझी. उजवा हात भाजला, दोन बोटं वळत न्हाईत. डाक्टर म्हनतो वळतील. म्या म्हनलं टेस्टरच खराब. भांडली असती तर बरं — भांडनात मी कुनाला ऐकत न्हाय. पन तिनं काय केलं? डाव्या हातानं कुलूप लावलं गिरनीला, किल्ली कमरंला. आठ दिस झालं. दुसरा गडी आनतो म्हनलं, तर म्हनाली, त्याची बी बायको आसंल घरी.

काल चेतन्या आला तवा तिनं किल्ली दिली, चिमट्याचं ते झालं, मग परत कुलूप घालून एवढंच बोलली, दुसरा मीटर आना, पन आकडा मी बघनार. सातवी झालीया तिची. मी दुसरीतनं पळालो.

तर ह्यो देताय? दोन दांड्यांचा? एक वायरीला, एक अर्थिंगला. आन् आधी चालू प्लगात बघायचं, मग वायरीत, मग परत प्लगात — म्हंजी मीटरच मेला न्हाय ना ते कळतं. बरं. आन् हे गोल बटन कुठं ठिवायचं? — ऱ्हाऊ द्या, मला नका सांगू. मी घरी जाऊन सांगितलेलं तिला चालायचं न्हाय. तुमी परके, तुमचं ऐकंल.

थांबा, लागला फोन. चंद्रभागा, दुकानातनं बोलतोय, शेठला देतो.

घ्या. धरा फोन. सगळं पयल्यापासनं सांगा तिला.