दात धरला सिदाप्पानं

मंडळी, बसा, बसा, पुढं सरका! खांबाला टेकलेले मामा, झोप मागाहून घ्या, आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारणीच्या कानात नको! आपण म्हणतो, ‘अमक्यावर माझा दात आहे.’ म्हणतो की नाही? ‘तिच्यावर मी दात धरलाय!’ आता मला सांगा — दात धरला तिच्यावर, पण दात आहे कुणाच्या तोंडात? आपल्याच ना! मग झिजणार कोण?

हसलात! हसा हसा. पण हा हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही बरं! याच प्रश्नापायी एका माणसाचा कळप जायची वेळ आली होती. ऐका.

माणदेशात एक गाव. तिथं सिदाप्पा धनगर. पन्नाशी उलटलेली, खांद्यावर घोंगडं, मागं सव्वाशे मेंढरं. आणि त्याची शीळ! अहाहा! बोटं तोंडात घालायची नाहीत, काही नाही. जीभ दातामागं टेकवायची आणि पुढच्या दातांतून वारा सोडायचा — फुर्रर्र — की सव्वाशे माना वर! चरणारं मेंढरू तोंडातला घास तसाच घेऊन पळत यायचं. आमच्या कीर्तनाला आपण इतक्या लवकर येता का? नाही ना? जाऊ द्या!

ही शीळ त्याला बापानं शिकवली. धाकटा भाऊ मायाप्पा, त्यालाही बापानंच शिकवली. बाप गेला, मेंढरं वाटली, भांडी वाटली. पण शीळ कशी वाटणार? दोघांची एकच राहिली.

बरं, मग बिनसलं कुठं? मंडळी, आपल्याकडं भाऊ भावाचा वैरी कशानं होतो? जमिनीनं? छे! मानपानानं! मायाप्पाच्या लेकीचं लग्न. आला पाहुणा की बांध फेटा, आला पाहुणा की बांध फेटा! अन् थोरला चुलता मांडवात उभा राहिला, तर फेटे संपले! कुणीतरी आपलं सिदाप्पाच्या खांद्यावर टॉवेल टाकला. टॉवेल! अहो, अंघोळीला निघालाय का तो? सिदाप्पा जेवला नाही, अक्षता टाकल्या आणि चालू पडला. तेव्हापासून तीन वर्षं भावाशी एक अक्षर नाही. मायाप्पाही तसलाच! एकदा येऊन ‘दादा, चुकलं’ म्हणाला असता तर जीभ झडली असती का? पण तो म्हणे, ‘दादानं आधी बोलावं.’

आता सिदाप्पाची बायको, बायडाबाई. एकदा दुपारी भाकऱ्या थापत होती. बाभळीखाली नवरा कलंडलेला. आवाज आला — कर्र, कर्र, कर्र! बाईला वाटलं, कुत्र्यानं कुठनं तरी हाडूक आणलं. तिथनंच ओरडली, ‘हाड! हाड मेल्या!’ आवाज थांबेना. बघते तर कुत्रं बिचारं शेपटी पोटाशी घेऊन गप पडलेलं, आणि कर्र कर्र करतोय तिचा मालक! झोपेत दात खात होता!

‘आवं उठा! तोंडात काय जातं बसवलंय का?’

‘म्या कुठं काय केलं?’ सिदाप्पा म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा — कर्र!

होता होता पुढचे दात झिजून निम्मे झाले. थंड पाणी लागलं की झिणझिण्या. भाकरीचा पापुद्रा तुटेना. आणि एके दिवशी शीळ घातली तर — फुस्स! नुसता वारा! सायकलची हवा गेल्यागत!

तरी हाकाट्या घालून तो कळप सांभाळत होता. पण पाझर तलावावर एकदा दोन्ही भावांचे कळप मिसळले. धनगराची रीत काय? दोघांनी आपापल्या बाजूला उभं राहायचं, एकदमच शीळ घालायची, शीळ एक असली तरी मेंढरू आपल्या मालकाकडंच वळतं, ज्याची त्याची मेंढरं ज्याला त्याला. सिदाप्पानं फुंकलं — फुस्स. मायाप्पानं घातली शीळ, तीच बापाची — फुर्रर्र! आणि सिदाप्पाची मेंढरं, त्यानं रात्रंदिवस राखलेली मेंढरं, निघाली मायाप्पाच्या मागं! एक कोकरू तेवढं राहिलं, तेही लंगडं होतं म्हणून!

मायाप्पानं सांजच्याला मेंढरं परत धाडली, बायकोबरोबर. स्वतः नाही आला. सिदाप्पा मेंढरं मोजत नव्हता हो, रडत होता. बायडाबाईला म्हणाला, ‘ज्याची शीळ मेंढरं वळखत न्हाईत, त्यो कसला मालक? दसऱ्यापत्तुर शीळ आली तर ठीक. न्हाईतर कळप इकून टाकतो.’ लग्न होऊन आली तेव्हापासून मेंढरांमागं चाललेली ती, मेंढरं गेल्यावर कुणामागं चालणार?

गावानं सल्ला दिला. सल्ला द्यायला आपण कधी मागं असतो? ‘काढून टाक सगळे! एकदाची कवळी बसव!’ बायडाबाई म्हणाली, ‘काढायचं मागनं बघू. आधी दाखवू तरी.’ आणि नवऱ्याला तालुक्याला घेऊन गेली.

तिथं दाताच्या डॉक्टरीण, नसरीन मुल्ला. तरणी पोर, पण हात शांत आणि जिभेवर साखर. खुर्ची मागं केली, आरसा तोंडात घातला, बघितलं आणि म्हणाल्या, ‘मामा, तुम्ही दात खाता.’

सिदाप्पा ताडकन उठून बसला! ‘कुणी सांगितलं? मायाप्पा यून गेला का हितं?’

‘कोण मायाप्पा?’

‘माझा भाऊ! तीन वर्सं त्येच्यावर दात हाय माझा, तुमाला कसं कळलं?’

कळलं का मंडळी? बाई झोपेतलं दात खाणं म्हणत होत्या, यानं मनातलं काढून ताटात वाढलं! डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मामा, दात खायला कारणं पुष्कळ असतात. राग एकटाच नसतो. तुमची सवयही जुनी दिसते. पण तीन वर्षांत जोर वाढलाय खरा.’

‘मग उपटा सगळे. गाव म्हणतंय.’

‘गावाला म्हणावं, आपापले उपटा!’ बाई म्हणाल्या. ‘एकही काढायचा नाही. कानसही लावायची नाही. मुळं घट्ट आहेत, उरलंय ते चांगलं आहे. जे उरलंय ते राखायचं आणि वर भर घालायची.’

वा! मंडळी, टाळी त्या पोरीला! आम्ही इथं घसा कोरडा करून सांगतो ते तिनं दातात सांगितलं. माझी आपली ओबडधोबड ओवी ऐका — 

उरले ते राखावे। झिजले ते भरावे।
मुळासी न उपटावे। जिवंत जे॥

मग तीन खेपा झाल्या. दात स्वच्छ केले, कोरडे केले. दातासारख्याच रंगाचा मऊ लगदा घेतला, थोडा थोडा चढवला, वर निळा दिवा धरला की घट्ट! पुन्हा थर, पुन्हा दिवा. कुंभार कसा हळूहळू काठ चढवतो, तसा. ना सुई, ना रक्त. आणि झोपताना घालायला दिली एक पारदर्शक पट्टी. ‘खायचेच असतील तर ही खा, मामा. दात नको. अन् सहा महिन्यांनी दाखवायला या. कुठं टवका उडाला तर पुन्हा भरता येतो.’ सिदाप्पानं आरशात बघितलं आणि बायकोला म्हणाला, ‘बायडे, लग्नातला मी दिसतोय का गं?’ बायडाबाई म्हणाली, ‘तोंड मिटा. लोकं बघत्यात.’

पण शीळ? आधी येईचना! दात नवे, जिभेला वाट सापडेना. पंधरा दिवस बाबा माळावर एकटाच — फुस्स, फिस्स, पुस्स! मेंढरं आपली खाली मान घालून चरतायत. ‘मालकाचं डोकं फिरलं’ म्हणाली असतील! दसरा आला तोंडावर. गिऱ्हाईक यायचं ठरलेलं. आदल्या दिवशी सिदाप्पा मेंढरं शेवटचं पाणी पाजायला तलावावर घेऊन गेला, आणि समोरनं कोण? मायाप्पा! पुन्हा कळप मिसळले. धुरळ्यात कोण कुणाचं, काही कळेना.

आज हरलो तर उद्या इकायला मेंढरंही न्हाईत, असं वाटलं सिदाप्पाला. डोळे मिटले. बापाला आठवलं. जीभ टेकवली, वारा सोडला — 

फुर्रर्रर्र!

आली! मंडळी, आली! सव्वाशे माना वर! सव्वाशे कसल्या — तीनशे! बापाचीच शीळ ना! मायाप्पाची मेंढरंसुद्धा उधळत आली, सगळी सिदाप्पाभोवती! पलीकडं मायाप्पा एकटा, हातात काठी.

काय करील सिदाप्पा? तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा! हाकलली असती की नाही घराकडं? त्याच्याही मनात आलं. पण बघतो तर समोर भाऊ तसाच उभा, आपण उभे होतो तसा. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं हाक मारली, ‘मायाप्पाऽ! घाल की शीळ! बोलव तुझी तू!’

मायाप्पाची मान खाली.

‘आरं घाल की!’

मायाप्पानं तोंड वर केलं, फुंकर मारली, आणि काय आवाज आला सांगा?

फुस्स!

जवळ येऊन त्यानं ओठ उचलून दाखवला. पुढचा दात निम्मा नाही! ‘मागल्या म्हैन्यात झोपंत तुकडा पडला, दादा. लई दिवस दात खातुया म्या.’

सिदाप्पा बघत राहिला, आणि असा हसला, असा हसला की खालीच बसला! मायाप्पाही हसला, मग दोघंही रडले. कानावरच्या गेरूच्या खुणा बघून दोघं मेंढरं निवडायला लागले, सांज झाली तरी निवडणं संपेना. संपवायचं कुणाला होतं? गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आलं, चहा पिऊन गेलं!

आणि त्या आठवड्यात थोरला भाऊ धाकट्याला घेऊन तालुक्याला गेला. डॉक्टरीणबाईंनी मायाप्पाच्या तोंडात आरसा घातला आणि विचारलं, ‘यांचा कुणावर दात होता?’

सिदाप्पा म्हणाला, ‘माझ्यावर.’

आता मंडळी, हात वर करा म्हणणार नाही मी. चारचौघांत कोण करतं? एवढंच करा. सगळ्यांनी तोंड मिटा आणि जीभ आपल्या दातांवरून फिरवा. हळूच. फिरवली? कुणाचं नाव आठवलं? भावाचं? नणंदेचं? सुनेचं? ते माणूस याच मंडपात बसलंय का? बसलंय, मला इथनं दिसतंय! मग उठा, त्याच्यापाशी जा आणि एक हाक मारा. फक्त एक. आरती कुठं पळून जात नाही. तुम्ही या जाऊन. मी थांबलोय.