सिनेमातल्या वकिलाचा कोट

हात वर करा, वकीलसाहेब. आणखी — हां, तस्साच. म्हणजे तुम्हाला कोट हवा त्या सिनेमातल्या वकिलासारखा, कमरेत आवळलेला? दाखवा तो मोबाइल. — हाच ना? अहो, पाहिला मी. अन् ज्या कादंबरीवरून काढला ती पण वाचली — धुळ्यातले निम्मे वकील माझ्याकडं कपडे शिवतात, पुस्तक काय, कोणी पण देतो. पुस्तकात तो वकील बुटका शे, ढेरी सुटलेली, अन् शेवटी खटला हरतो. आवडला मला. म्हटलं, लिहिणारा कोर्टाची पायरी चढलेला दिसतो. अन् सिनेमात? सहा फुटी गडी, गळ्याला पांढरा बँड नाही, अन् जिंकतो! वर न्यायाधीश हातोडी आपटतो. हातोडी! उभी हयात गेली माझी कोर्टासमोर, हातोडी पाहिली ती शेजारच्या सुताराकडं.

श्वास सोडा. पोट आत ओढू नका, कोट तुम्हालाच घालायचा शे.

अन् बाही मोकळी कशाला? टेबलावर मूठ आपटणार? कोणाच्या टेबलावर? आपल्याकडं वकिलाचा हात वर जातो तो तारीख मागायला. सिनेमात एका गाण्यात निकाल लागतो, अन् आमच्या डिंपलचं — माझी मुलगी, नरडाण्याला दिलेली — जावयानं भरदुपारी मारून घराबाहेर काढलं तिला, अन् लहानी पोर ठेवून घेतली. पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात गेलो, तर कधी जजसाहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी. त्याचं दुखणं पण मोठं शहाणं, तारीख पाहून उठतं! अन् इकडं पोर फोनवर आईला 'तुम्ही' म्हणायला लागली. परक्या बाईला म्हणावं तसं. डिंपल फोन ठेवते अन् मशीनवर जाऊन बसते, काहीच शिवत नाही. — जाऊ द्या. पाठ सरळ करा.

अन् त्या सिनेमातलं सगळ्यात मोठं थोतांड कोणतं? ऐन वेळी दार उघडतं अन् साक्षीदार बाई आत येते, केस मोकळे, मागं संगीत! अहो, साक्षीदारांची नावं आधी द्यावी लागतात, समोरच्याला पण. आम्ही दिलं — रोहिणी, डिंपलची शेजारीण, तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. नाव कळायची खोटी, जावयाची माणसं तिच्या दारात! आज साडी घेऊन, उद्या दम द्यायला. मग डोकं कोणी चालवलं? मी चालवलं. उचललं तिला अन् शिरपूरला ठेवलं, माझ्या अक्काकडं, बसस्टँडमागं. आता गुरुवारी थेट कोर्टात! अन् जावई बसला नरडाण्यात शोधत. त्या कादंबरीवाल्याला तरी सुचलं असतं का? सांगा ना. हसा की — बरं, नका हसू.

झालं माप. नाव सांगा. योगराज... पुढं? अन् कोणाच्या हाताखाली काम करता?

— कोणाच्या?

नाही, नाही, ऐकू आलं. परत नका सांगू. तारीख पाहून आजारी पडतात ते तुमचेच साहेब. आमच्या जावयाचे वकील.

मोबाइल खाली ठेवा. ठेवा म्हटलं ना. तुम्ही म्हणाल, मी फक्त कोट शिवायला आलो, मी कोणाला काही बोलणार नाही. असेल. तोंडावरून तुम्ही वाईट वाटत नाही. पण तोंडावरून तर जावई पण वाईट वाटला नव्हता, मीच पसंत केला. मी घाबरलोय, वकीलसाहेब, समजलं? थांबा, आधी फोन लावतो.

हॅलो — अक्का? मी बोली ऱ्हायनू. रोहिणीले घे अन् निंघ. आत्तेच. जेवण ऱ्हाऊ दे, तशीच निंघ. — कोठे?

थांब, अक्का. फोन ठेवू नको.

तुम्ही व्हा बाहेर. कोट दुसरीकडं शिवा. चपला घाला अन् उतरा खाली — तुम्ही रस्त्यापलीकडं गेल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.