रविवारची साक्ष

—मी पुटपुटते तो मंत्र नाय ओ, इंद्रायणीताई. आमच्या ख्रिस्ती लोकांत मंत्र नसतो. प्रार्थना. बापाशी बोलावं तसं देवाशी बोलायचं, झालं. तुम्ही डबा खा, गार होईल — मालकांना उद्या वॉर्डात नेणार ना? बरं झालं बाई, सुटाल या आयसीयूच्या दारातनं. — का करता म्हणून विचारताय? घ्या! जेवायच्या आधी करतो, गावाला निघताना करतो, नव्या गाडीवर हात ठेवून करतो. काळेवाडीच्या आमच्या चर्चमध्ये कुणाचं काय अडलं की पहिला फोन मला — 'शालनबाई, प्रार्थनेत धरा.' कुणाचं बाळंतपण, कुणाला कंपनीत पर्मनंट व्हायचंय — धरते मी. माझा शमुवेलच मुळी मागून घेतलेला. कूस उजवेना, सासू टोचून खायची, तेव्हा गुडघे टेकून मागितला. आता चाकणला कामाला जायचा — नाय, जातो. जातो म्हणते मी.

डेंग्यूच तर झालेला. शनिवारी श्वासाची नळी काढली, तुम्ही होता की इथंच, 'आई, चहा' म्हणाला. मला काय राहवतंय! रविवारी चर्चमध्ये उभी राहिले न साक्ष दिली — आमच्यात असतं तसं, देवानं काही केलं की चारचौघांत उभं राहून सांगायचं. सांगितलं, प्रभूनं माझं लेकरू उठवलं. टाळ्या काय, हल्लेलूया काय, चिमाबाई तर गळ्यात पडून रडल्या. आणि इथं येऊन बघते तर नळी परत आत. सिस्टर म्हणाली, मावशी, आत्ताच घातली.

कुणाला सांगितलं नाय मी. कशी सांगू? मला खोटारडी म्हणा, थापाडी म्हणा, ऐकून घेईन — पण माझ्यापायी देवाला बोल लागायला नको. चर्चच्या पाळकसाहेबांचा आज सकाळी फोन आला, 'भेटायच्या वेळेला आम्ही सगळे येतो, उपकारस्तुती करू.' आणि मी म्हणाले, 'या.' जीभ कशी झडली नाय माझी!

खरं सांगू? तुम्ही बाहेरच्या म्हणून सांगते — मला प्रार्थना येतच नाय ओ. दुसऱ्याच्या पोरासाठी तासन् तास करते, आणि याच्यासाठी 'हे देवबापा' म्हटलं की पुढं सगळं कोरडं. तुम्हाला पुटपुटताना दिसते ना, ते नुसतं शमू, शमू चाललेलं असतं. त्याला काय प्रार्थना म्हणतात होय? मशीन डॉक्टरांचं, औषध डॉक्टरांचं, आत जायची सोय नाय — मग आईनं हात ठेवायचे कुठं? म्हणून जोडते. बाकी काय येतंय मला?

लिफ्ट आली वाटतं. — आलेच बघा. शहाळी आणलीत त्याला प्यायला, बाई गं. ताई, तुम्ही जरा तिकडं सरकून बसा. काही बोलू नका, डबा खा तुम्ही.

— सलाम, पाळकसाहेब. हो, आतच आहे. झोपलाय. — मीच करू? तुम्हीच करा ना... बरं. बरं, करते. मिटा डोळे सगळ्यांनी. हे दयाळू देवबापा, आम्ही तुझे उपकार मानतो, की तू... तू माझ्या...

शमू. शमू.